बैठं काम

केसरचा हात मोडला तो भाताच्या टोपानं. टोप मोठा नव्हता. दोन माणसांचा भात, त्यातला निम्म्याहून जास्त धर्मानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आधीच संपवलेला. उरलेला झाकून ठेवावा म्हणून तिनं टोप उजव्या हातानं उचलला आणि मनगटाच्या वर कट् असा आवाज झाला, सुकी काटकी मोडावी तसा. टोप चुलीच्या कडेला टेकला, भात सांडला नाही, आणि केसरला पहिल्यांदा त्याचंच बरं वाटलं. मग हात दुखायला लागला.

रेवसच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात हातपाय मोडण्याचं कोणाला नवल नाही. माणसं जेट्टीच्या शेवाळावर घसरतात, बोटीवरून पडतात, शिमग्याला भांडतात. पण भातानं हात मोडलेली केसर पहिलीच. शेजारची मनुबाई बघायला आली आणि तिनं दोनदा विचारलं, भातानं? केसरनं दोनदा सांगितलं, भातानं. दोन दिवसांत बातमी जेट्टीवर पोचली आणि तिथं धर्माला कोणीतरी विचारलं की बाबा, तुमच्याकडे तांदूळ कुठला आणता? धर्मानं तांदळाचं नाव आणि दुकान दोन्ही सांगितलं. तो सरळ माणूस आहे, थट्टा त्याच्या अंगाला लागत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं, सहा आठवडे सांगितले, आणि जड काम करायचं नाही अशी ताकीद दिली. हे त्यानं सांगायची गरज नव्हती. या कोळीवाड्यात जड काम ज्याला जमत नाही त्याचं काय करायचं हे फार आधीपासून ठरलेलं आहे. त्याला शिशाला बसवतात.

जाळ्याच्या खालच्या दोरीला वजन लागतं, नाहीतर जाळं पाण्यावर पसरून राहतं आणि मासे खालून निवांत जातात. ते वजन शिशाचं. बाजारात तयार मिळतं, पण बाजारच्या वजनाला धर्माच्या घराण्यात कोणी हात लावलेला नाही. ट्रकची जुनी बॅटरी फोडायची, आतलं शिसं मागच्या पडवीत चुलीवर कढईत वितळवायचं, साच्यात ओतायचं, निवालं की ठोकून पट्टी करायची, पट्टीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, एकेक तुकडा दोरीभोवती गुंडाळायचा आणि दातानं दाबून बंद करायचा. पकडीनं दाबलं तर दोरी चेचते. दाताला दोरी कळते. यात कुठं उठावं लागत नाही, काही उचलावं लागत नाही. म्हणून ज्याचं हाड मोडलंय तो, तापातून उठलेला, म्हातारा झालेला, आणि पोटुशी बाई, या सगळ्यांचं हे काम. त्याला काम असं कोणी म्हणतसुद्धा नाही. बसलीयेस तर शिसं कर, एवढंच म्हणतात.

केसर मात्र हातपाय धड असतानाही तीस वर्षं शिशालाच बसत होती, कारण तिच्यासारखा तुकडा कोणाचा बसत नसे. सहा बोटींची जाळी तिच्या दाताखालून जात. तेव्हा हात प्लास्टरमध्ये गेल्यावर तिच्या दिवसात एवढाच फरक पडला की आधी दोन हात आणि दात होते, आता एक हात आणि दात राहिले. दात जास्त वापरावे लागले.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं तर हाड मोडलं होतं तसंच. डॉक्टर म्हणाला, तुम्ही काहीतरी उचललंत. केसरनं देवाची शपथ घेतली, आणि ती खरी होती. दुसरं प्लास्टर झालं. मनुबाईनं खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण आणून दिलं, कारण निवट्यानं हाड सांधतं हे सगळ्यांना माहीत आहे. केसर चुलीपाशी बसून, एका बाजूला कढई आणि एका बाजूला वाटी ठेवून ते प्यायली. दुसरं प्लास्टर काढलं तेव्हा डॉक्टरनं तिसरं घातलं आणि अलिबागला एका नव्या डॉक्टरणीचं नाव लिहून दिलं.

तोवर जून संपत आला होता आणि केसरची एकुलती एक पोर विनिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागलेला. तिला पोचवायला जावई हितेश आला. तो उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो. वाड्यातले बाकीचे जावई येताना पेढे नाहीतर जिलेबी आणतात, हितेश दरवेळी दोन जुन्या बॅटऱ्या आणतो. त्यामुळे त्याच्याइतका गुणी जावई पंचक्रोशीत नाही असं धर्माचं मत होतं, आणि केसरचंही होतं.

अलिबागच्या डॉक्टरणीचं नाव मृणाली. वयानं विनिताएवढीच असेल. तिनं एक्स-रे पाहिला, मग हाताकडे न बघता केसरला तोंड उघडायला सांगितलं. हात दाखवायला आलेल्या बाईला हे जरा विचित्र वाटलं, पण शिकलेल्या माणसांचं असतं काहीतरी म्हणून तिनं आ केला.

"हिरड्यांवर हे काय आहे?"

"मशेरी."

"मशेरी अशी रेघ मारल्यासारखी लागत नाही, मावशी. चूळ भरून या."

केसरनं तीनदा चूळ भरली. दातांच्या मुळाशी हिरडीवर निळसर काळी रेघ होती ती तशीच राहिली. मग डॉक्टरणीनं विचारलं, काय काम करता? केसर म्हणाली, काही नाही, घरीच बसते. घरी बसून काय करता? काही नाही, बसते. असं बराच वेळ चाललं. शेवटी शिसं बाहेर आलं ते डॉक्टरणीच्या हुशारीमुळे नाही. नवीन प्लास्टर जड आहे, दातावर ताण येतो, अशी तक्रार केसरनं स्वतःच केली म्हणून आलं. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. धुराचं विशेष विचारलं. धूर कुठं जातो? केसर म्हणाली, कुठं जाणार, पडवीतच.

रक्त मुंबईला गेलं आणि आठवड्यानं कागद आला. रक्तातलं शिसं पाचाच्या आत असायला हवं ते अठ्ठेचाळीस होतं. केसरला शाळेत एवढे मार्क कधी पडले असते तर ती चौथीतून बाहेर आलीच नसती.

मृणालीनं मग समजावून सांगितलं, आणि बरं समजावलं. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यातला फरक नीट कळत नाही. कॅल्शियम समजून ते शिसं हाडात भरून ठेवतं. बाहेरून हाड दिसतं हाडासारखंच, पण आतून कच्चं, आणि मोडलं तर जुळून येत नाही. खाऱ्या वाळूत बांधलेल्या स्लॅबचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच, असं ती म्हणाली. केसरला ठाऊक होतं. त्यांच्या समाजमंदिराचा स्लॅब किनाऱ्याच्या वाळूत बांधला होता, आणि तो कोणी वर नाचलं म्हणून पडला नव्हता, आपला आपण पडला होता.

शिसं आजपासून बंद, असं डॉक्टरणीनं सांगितलं. औषध देता येईल, पण चूल चालू ठेवून औषध घ्यायचं तर ते न घेतलेलं बरं. घरात आणखी कोणी हे काम करतं का? केसर म्हणाली, न्हाय. ती उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली आणि दाराला धरून उभी राहिली.

"समजा, एखादीनं ल्हानपणी केलं, मंग सोडलं. तिचं गेलं असंल ना सगळं?"

"रक्तातलं जातं. हाडातलं वीस-पंचवीस वर्षंही राहतं." मृणालीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "एरवी ते तिथं गप्प असतं. पण दिवस गेले की बाळाच्या हाडांना कॅल्शियम लागतं. आईच्या खाण्यातून पुरलं नाही की तिचं हाड झिजतं, आणि हाडातलं शिसंही मोकळं होऊन बाळाकडे जातं. कोण आहे अशी?"

"कोण न्हाय. असंच इचारलं."

डॉक्टरणीनं वाद घातला नाही. तिनं दुसऱ्या कागदावर कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या आणि म्हणाली, "जी कोणी नाही, तिला या रोज दोन वेळा द्या. आणि लवकरात लवकर तिचं रक्त तपासायला घेऊन या."

परतीच्या मिनीडोरमध्ये केसर मागे बसली होती, आणि गाडीत दहा माणसं असूनही ती एकटी होती. विनिता नऊ वर्षांची असताना जेट्टीवरून उडी मारून पाय मोडून आली होती. प्लास्टरमध्ये अडकलेलं पोर कंटाळून दिवसभर रडायचं. मग केसरनंच तिला आपल्याशेजारी पाट दिला. पोरीचे दात बारीक, तुकडा असा बसायचा की कौतुक करायला बायका यायच्या. पायाला जुळायला पाच महिने लागले, आणि केसर सगळ्यांना सांगायची की हाड हट्टी आहे, बापावर गेलंय. पाय बरा झाल्यावरही पोर रोज शाळेतून येऊन तासभर बसायची ती दहावीपर्यंत. कोणी मारून बसवलं नव्हतं. लाडानं बसवलं होतं, आणि केसरला तेच सगळ्यात जास्त लागलं. मारलं असतं तर निदान तेव्हाच वाईट वाटून झालं असतं.

घरी येऊन तिनं सांगितलं की डॉक्टरणीनं शिसं बंद करायला सांगितलंय, हाताला चांगलं नाही. यात खोटं काही नव्हतं. धर्मानं विचारलं, मग वजनं? ती म्हणाली, बाजारातून आणा. धर्मानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती मासळी बाजारातून आणा म्हणाली.

विनिताला मात्र ती काहीच बोलली नाही. सांगायचं म्हणून ती दोनदा तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोन्ही वेळा तिचे केस विंचरून उठली. एका हातानं विंचरलेले ते केस कसे दिसत होते त्याबद्दल न बोललेलं बरं. सांगण्याऐवजी तिनं पोरीला खायला घालायला सुरुवात केली. सकाळी दूध, मग नाचणीची भाकरी, दुपारी मांदेली काट्यासकट चावून खायची, संध्याकाळी तिळाचा लाडू, झोपताना पुन्हा दूध. विनिताला दुधाच्या वासानं मळमळायचं. गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून तिनं आरोग्य केंद्रातल्या गोळ्या उरणलाच सोडल्या होत्या, अलिबागच्या गोळ्याही ती तोंडात टाकायची आणि आईची पाठ वळली की काढून ठेवायची. केसर पाण्याचा पेला हातात देऊन गिळेपर्यंत उभी राहायची. तरी पोर वरचढ. तिसऱ्या दिवशी विनिता म्हणाली की आये, मना कापायला पोसतेस का काय. केसर हसली नाही, तेव्हा विनितानं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

रक्त तपासायचं केसरनं एकदा सहज म्हणून काढलं. विनिता म्हणाली, उरणला सगळं तपासून झालंय, हिमोग्लोबिन अकरा आहे, आता आणखी सुई कशाला? कशाला याचं उत्तर केसरकडे होतं. ती म्हणाली, राहू दे मग.

जुलै अर्धा सरला. मासेमारीची पावसाळी बंदी संपायला पंधरा दिवस उरले, आणि बोटवाल्यांची जाळी केसरच्या ओट्यावर येऊन पडली. हात दुखतो, या हंगामाला जमणार नाही, असं तिनं प्रत्येकाला सांगितलं. तांडेल गणराज हा सगळ्यात चिवट. तो म्हणाला, काकी, हाताचं काय काम आहे त्यात, दात तर धड हायत. तो जाळं घेऊन परत गेला नाही. ओट्यावर टाकूनच गेला.

त्याच आठवड्यात एका दुपारी केसर तीळ संपले म्हणून नाक्यावरच्या दुकानात गेली. येताना मनुबाई भेटली, तिच्याशी पाच मिनिटं बोलली. घराच्या वळणावर तिला वास आला. तीस वर्षं ज्या वासाचं तिला काही वाटलं नव्हतं, त्या वासासरशी ती झपाझप चालू लागली. घराच्या मागून करडा धूर निघत होता.

पडवीत चूल पेटली होती. कढईत हितेशनं आणलेल्या बॅटरीतलं शिसं वितळत होतं. विनिता पाटावर पाय पसरून बसली होती, गणराजचं जाळं मांडीवर आणि पोटावर आलेलं, आणि आधीचा उरलेला तुकडा गुंडाळून दोरी दातात धरलेली. आईला पाहून ती तोंडातल्या दोरीसकटच हसली. आईचा हात दुखतो, बोटवाले बोलून जातात, आणि आपल्याला नाहीतरी उभं राहवत नाही, तर बसल्या बसल्या तेवढंच होईल, असा तिचा साधा हिशेब होता. त्या घरात वाढलेल्या कुठल्याही पोरीनं हेच केलं असतं.

केसरनं तिळाची पुडी टाकली. दाराजवळच्या हंड्यातून कळशी भरून घेतली आणि चुलीवर ओतली, कढईत एक थेंब जाऊ न देता, कारण वितळलेल्या शिशात पाणी गेलं की काय होतं ते तिला अंगावरच्या डागांवरून माहीत होतं. चूल फसकन् विझली. मग तिनं विनिताच्या तोंडातून दोरी ओढून काढली.

"थूक."

"काय झालं आये? बसूनच करते ना."

"आधी थूक. आणि भायेर चल, वाऱ्याला."

विनिता थुंकली. केसरनं तिला धरून पुढच्या ओट्यावर आणून बसवलं आणि स्वतः उभी राहिली. बसून सांगायचं धाडस तिला झालं नसतं. मग तिनं सगळं सांगितलं. अठ्ठेचाळीस सांगितलं, खाऱ्या वाळूचा स्लॅब सांगितला, हाडातलं शिसं पोटातल्या लेकराकडे कसं जातं ते डॉक्टरणीनं सांगितलं तसं आणि तेवढंच सांगितलं. डॉक्टरणीनं घरात कोण आहे विचारलं तेव्हा आपण कोणी नाही म्हणालो, हेही सांगितलं. मग जेट्टीवरून उडी मारली तिथपासून दहावीपर्यंतचं सांगितलं, जणू विनिताला ते माहीतच नव्हतं. सांगताना तिचा आवाज मासळीचा भाव सांगावा तसा निघत होता. तिला रडायचं होतं, पण रडलं तर पोर आपलीच समजूत घालत बसेल, आणि तेवढं सुख आपल्याला मिळू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

"आजपर्यंत बोलले न्हाय," ती शेवटी म्हणाली, "कारण मीच तुना बसवलं. तुझ्या हाडात हाय ते मी घातलेलं हाय. आता काय शिव्या द्यायच्या त्या दे."

विनिता पोटावर हात ठेवून बसली होती. ती शिव्या देण्यात कोणाला हार जाणारी नव्हती, उरणला सासरी दोन वर्षांत तिचं नाव झालेलं होतं. पण शिवी एकही निघाली नाही. केसर वाट पाहत उभी राहिली.

"आणि तुना?" विनितानं विचारलं.

"मना काय?"

"तुना कोणी बसवलं?"

हे केसरला आजवर कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरणीनंसुद्धा नाही. तिला आठवावं लागलं.

"आजीनं. तुझ्या बापाच्या आयेनं. पायांना सूज आलेली, टोपली घेऊन बाजारात उभं राहवंना. ती बोलली, बसलीयेस तर शिसं कर."

"सूज कशानं आलेली?"

केसर सांगायला लागली आणि मधेच थांबली. लग्नाचं दुसरं वर्ष. शिमगा होऊन गेलेला. जड उचलू नको म्हणून सासू मायेनं ओरडायची. सगळं तिला लख्ख आठवत होतं, तीस वर्षं आठवत होतं, फक्त या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

"मी व्हते पोटात," विनिता म्हणाली.

"व्हय."

विनिता आत गेली. डाळीच्या डब्यामागे लपवलेल्या गोळ्या तिनं बाहेर काढल्या. पंधरा दिवसांच्या होत्या, काही अर्धवट विरघळून पुन्हा सुकलेल्या. त्या तिनं चुलीत टाकल्या, पाकिटातली नवी एक काढून पाण्याबरोबर घेतली, तोंड वाकडं केलं आणि दुसरी आईपुढे धरली.

"सकाळच्या पयल्या मिनीडोरनं जायचं," ती म्हणाली. "डॉक्टरणीला सांगू, जी कोण न्हाय ती आली."

केसरनं गोळीसाठी डावा हात पुढे केला. दोरी ओढताना तो शिशानं काळा झाला होता. तिनं तो मागे घेतला आणि मोरीत धुवायला गेली, पण उजवा प्लास्टरमध्ये, आणि एका हातानं तोच हात धुता येत नाही. ती नुसतं पाणी सोडून उभी राहिली. विनिता मागोमाग आली, तिनं साबण घेतला आणि आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायला लागली. तिचेही हात काळेच होते. बराच वेळ पाणी काळं जात राहिलं.